विश्लेषण : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा ठावठिकाणा आणि विल्यम लॅम्ब्टन

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घराबाहेर पडली, की मनगटावरील छोट्या यंत्रामुळे ती कुठे आहे हे घरच्यांना मोबाइलवर कळू शकते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे यंत्र कितपत कामी येईल? शेजारच्या हिंगणघाटमध्ये अखेरचा श्वास घेतलेल्या एका भूमापकाच्या आयुष्यातून याचे उत्तर समजून घेता येते.

कोण होते लॅम्ब्टन?

विल्यम लॅम्ब्टन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे झाला. गणितात हुशार असलेले लॅम्ब्टन सैन्यात दाखल झाले आणि अमेरिकेतील युद्धात कैदही झाले. पुढे ते भारतात आले. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री ब्रिटिशांची तुकडी उलट दिशेने, शत्रूच्या तळाकडे निघाली होती. आपण वाट चुकलो आहोत, हे कोणाच्या गावीही नव्हते. लॅम्ब्टन यांनी ताऱ्यांवरून चूक ओळखली आणि तुकडी वाचली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचेही अनेकदा असेच होते. तो ठामपणे चालत राहतो. चूक बाहेरून कोणी तरी ओळखावी लागते.

त्यांनी नेमके काय केले?

१८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची रेषा साखळीने मोजून त्यांनी सर्वेक्षण सुरू केले. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असतील, तर उरलेल्या बाजू काढता येतात. अशा त्रिकोणांची साखळी त्यांनी उत्तरेकडे नेली. कोन मोजणारे त्यांचे थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळले, तेव्हा लॅम्ब्टन यांनी ते स्वतः दुरुस्त केले. वयाच्या सत्तरीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले.

आजचे यंत्र कसे चालते?

तत्त्व तेच : ज्ञात बिंदूंवरून अज्ञात जागा शोधायची. फक्त आता ते बिंदू म्हणजे सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून यंत्र अंतरे आणि स्वतःची जागा ठरवते. मात्र ती जागा घरच्यांना कळवण्यासाठी बहुतेक यंत्रांना मोबाइल नेटवर्क लागते.

जंगलात अडचण कुठे?

दाट झाडीत उपग्रहांचे संदेश क्षीण होतात. टॉवर नसेल तर जागा ठाऊक असूनही यंत्र ती कळवू शकत नाही. त्या रात्री लॅम्ब्टन यांना चूक कळली, पण तुकडी वाचली ती त्यांनी वेळेत सांगितल्यामुळे. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी रुग्णाच्या नेहमीच्या वाटांवर नेटवर्क तपासावे, बॅटरी रोज चार्ज करावी, कपड्यांत नाव व फोन क्रमांक लिहून ठेवावा. पोलीस पाटील, वनरक्षक आणि शेजाऱ्यांनाही आधीच कल्पना द्यावी. नेटवर्क जिथे संपते, तिथून पुढे शोध माणसांनाच घ्यावा लागतो.