रक्तगटांचे जनक : डॉ. कार्ल लँडस्टायनर

मालवण, देवगड वा वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या गावातून रुग्णाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात अथवा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते आणि रक्ताची गरज भासते, तेव्हा नातेवाइकांना रक्तगट विचारला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न जगात कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळील बाडेन येथे झाला. २००४ पासून हाच दिवस जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

वडील लिओपोल्ड हे नामांकित पत्रकार. कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते निवर्तले आणि मातोश्री फॅनी यांनी मुलाला वाढविले. १८९१ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाल्यावर रुग्ण तपासण्याऐवजी ते रसायनशास्त्राकडे वळले व एमिल फिशर यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली शिकले. पुढे व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र विभागात दहा वर्षांत त्यांनी सुमारे ३,६०० शवविच्छेदने केली.

त्या काळी दोन माणसांचे रक्त एकत्र केले असता गुठळ्या होतात, हे दिसले होते. पण तो रोगाचा परिणाम मानला जाई. लँडस्टायनर यांनी निरोगी माणसांचेच रक्त घेतले : स्वतःचे आणि पाच सहकाऱ्यांचे. प्रत्येकाच्या रक्तातील पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. गुठळ्या काही जोड्यांत झाल्या, काहींत नाहीत, आणि त्यातही नियम होता. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट जाहीर केले. त्यांतील तिसऱ्याला आज आपण ओ म्हणतो. स्वतः लँडस्टायनर त्याच गटाचे होते. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

नियम असा : ए गटाच्या रक्तद्रवात बी पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतात, बी गटाच्या रक्तद्रवात ए पेशींविरुद्ध. एबीमध्ये दोन्ही नसतात, ओमध्ये दोन्ही असतात. म्हणून ओ गटाच्या पेशी इतरांना चालतात, परंतु ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचेच रक्त लागते. इतकी मोलाची गोष्ट हाती येऊनही वैद्यकविश्वाने तिची दखल सावकाशच घेतली.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती. १९१९ मध्ये त्यांनी पत्नी व मुलासह हॉलंडमधील हेग गाठले आणि एका लहान रुग्णालयात रक्त-लघवी तपासण्याची साधी नोकरी पत्करली. संशोधन तेथेही थांबले नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलाविले. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी आरएच घटक प्रसिद्ध केला. आपण गटापुढे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहितो ते त्यामुळेच. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व २६ जून रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात नऊ वर्षांनी, १९५२ मध्ये, या नियमाला मुंबईने एक पुरवणी जोडली, आणि ती आपल्याला विशेष जवळची आहे. के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की जे साध्या तपासणीत ओ भासे, परंतु ओ रक्ताशीही जुळत नसे. ए आणि बी ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या पेशींवर नव्हता. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशभरातील १७९ नोंदींपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. अशा व्यक्तीला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. त्यामुळे ओ गट ठरविताना रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशीही पडताळून पाहतात. गुठळ्या झाल्या तर शंका घ्यावयाची. असा रुग्ण सापडला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी आधी करतात, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकात हाच गट असण्याची शक्यता किमान चारात एक असते.