बाणाचा मुलगा

‘कादंबरी’ हा शब्द आपण मराठी माणसे किती सहज वापरतो! मुळात ते बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. सातव्या शतकात, सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणाने तिची कथा लिहायला घेतली. ती पुरी कोणी केली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

कॉलेजात आम्हांला पूर्वभाग नेमलेला होता. उत्तरभाग मुलाने लिहिलेला, म्हणजे दुय्यमच असणार, अशा समजुतीने मी तो उघडलाही नाही. पुष्कळ वर्षांनी वाचला आणि ओशाळलो.

बाण शोण नदीकाठच्या प्रीतिकूट गावचा. आई लहानपणीच गेली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडीलही. मग भटकंती, पुढे राजाश्रय आणि कीर्ती. कादंबरी अपुरी असतानाच मृत्यूने त्याला गाठले. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची विरहव्यथा सांगते आहे, आणि तिच्या बोलण्यातच लेखणी थांबली आहे.

ती उचलली मुलाने, भूषणभट्टाने. त्याचे नावही सगळीकडे एक नाही. काही पोथ्यांत तो पुलिंद आहे. बाणाने अखेरच्या दिवसांत दोन मुलांना वाळलेल्या झाडाचे वर्णन करायला सांगितले, एकाने ते खडबडीत शब्दांत केले, दुसऱ्याने गोड शब्दांत, आणि काम दुसऱ्याकडे गेले, अशी दंतकथा आहे. भूषण स्वतः वेगळेच सांगतो. कथा तुटल्याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून त्याने ती हाती घेतली. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे.

काम सोपे नव्हते. शूद्रक राजाच्या दरबारात बोलका पोपट आणून बाणाने जन्मजन्मांतरीच्या गाठी मारून ठेवल्या होत्या. त्या सोडवल्या मुलाने. चंद्रापीडाचा मृत्यू, त्याचा देह जपत बसलेली कादंबरी, तिच्या मिठीत त्याचे पुन्हा जिवंत होणे, तो पोपट आणि तो राजा खरे कोण याचा उलगडा, हे सारे भूषणाच्या हातचे. भाषेला वडिलांची श्रीमंती नाही. पण कथा कुठे अडत नाही.

इतर नद्या गंगेत शिरून, तिच्याशी एकरूप होऊन समुद्र गाठतात, तसे आपले शब्द वडिलांच्या शब्दांत मिळावेत, एवढीच त्याची इच्छा. त्याच्या पूर्वजांच्या गावाजवळून वाहणारी शोणही गंगेलाच मिळते. संगमापुढे तिचे नाव कोणी घेत नाही. पाणी मात्र समुद्रापर्यंत जाते.