एकोणिसावा क्रमांक



शर्यतीत पहिला कोण आला, हे आपण लगेच विचारतो. एकोणिसावा कोण आला, हे सहसा कोणी विचारत नाही. आज अशाच एका एकोणिसाव्या धावपटूची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले. ते घाटावरच्या बेळगावचे.

1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. खेड्यापाड्यांतले तरुण लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावताना त्यांनी पाहिले. शिकवणारे कोणी नव्हते, तरी त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास होती. या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचेच, असे टाटांनी मनावर घेतले. त्यांनी स्वतःचे पैसे घातले, सरकारकडून आणि इतरांकडूनही मदत मिळवली. 1920 साली भारताचा पहिला संघ बोटीने निघाला. त्या मोजक्या खेळाडूंत चौगुले होते.

22 ऑगस्ट 1920 रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे मॅरेथॉन झाली. आज ही शर्यत 42.195 किलोमीटरची असते. त्या दिवशी ती 42.75 किलोमीटरची होती. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. आपल्या फोंडाघाटातून कणकवलीला धावत जायचे आणि न थांबता धावत परत यायचे, साधारण तेवढे हे अंतर. भारताचे दुसरे धावपटू सदाशिव दातार यांना ही शर्यत पुरी करता आली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिले आले. त्यानंतर सुमारे अठरा मिनिटांनी, म्हणजे 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत, चौगुले पोहोचले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा होता.

पदक मिळाले नाही. पण भारतीय माणूस जगातल्या धावपटूंबरोबर मॅरेथॉन पुरी करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. चौगुले यांचे नाव मात्र आज फारसे कोणी घेत नाही.

आपल्या मुलांचा निकाल लागतो, तेव्हा नंबर आला का, एवढेच आपण विचारतो. आता शाळेत धावण्याची शर्यत असेल, तेव्हा पहिल्या तिघांसाठी टाळ्या वाजवून लगेच घरी निघू नका. शेवटचे मूल येईपर्यंत आपण सगळे थांबू या.