पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

भस्मासुराची गोष्ट आपल्याकडे कीर्तनामुळे लहान पोरांनाही ठाऊक असते. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म, असा वर मिळालेल्या त्या असुराला मोहिनी नाचायला लावते आणि नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच डोक्यावर नेते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी या कथेवर मूकपट काढला, तेव्हा मोहिनी झालेली मुलगी जेमतेम तेरा वर्षांची होती. तिचे नाव कमला कामत. पुढे ती कमलाबाई गोखले झाली.

त्याच वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. फाळक्यांनी नायकिणींकडेही विचारून पाहिले, पण पडद्यावर यायला कुणीच धजेना. अशा काळात ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमला मोहिनी झाली आणि तिची आई दुर्गाबाई पार्वती.

दुर्गाबाईंविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहानगी लेक. पोटासाठी त्यांनी नाटकाचा रस्ता धरला, तेव्हा घरंदाज बाई तोंडाला रंग लावते हे लोकांना पटणे शक्यच नव्हते. कमला चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर आली. नाटक मंडळी गावोगाव फिरणारी, तेव्हा शाळा कुठली? आईनेच तिला शिकवले.

गेल्या गॅदरिंगला आमच्या एकांकिकेत सुनेचे काम मला मिळाले होते. उमापूरला घरी सांगितले आणि विषय तिथेच संपला. शेवटी एका मुलाने लुगडे नेसून ते काम केले. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. साळुंके मला त्यानंतर वाचायला मिळाले.

कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झाले. तेही नट, आणि गंमत अशी की आवाज फुटेपर्यंत ते किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करीत! पण संसार फार टिकला नाही. पंचविशीतच कमलाबाई विधवा झाल्या. त्या काळातल्या विधवेने घराचा कोपरा धरायचा. यांनी पुन्हा रंगमंच धरला. प्रसंगी पुरुषांच्याही भूमिका केल्या. बोलपट आल्यावर त्यातही कामे केली. चित्रपटांची संख्या पस्तिसांच्या आसपास जाते. १९८०चा ‘गहराई’ हा त्यातला अखेरचा.

उतारवयात रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. १९९७ साली त्या वारल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू, हे नाटक-सिनेमा पाहणाऱ्यांना सांगायला नको. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे मुलगे तबल्याकडे वळले.

हे सगळे मी आईला भाकरी थापताना सांगितले. ती शाळेत गेलेली नाही. तिने एकच विचारले, बाई कामाला उभी राहिल्यावर पोरांकडे कोण बघत होते? मी म्हटले, थोरला तर लहानपणीच आईसारखा नाटकात उभा राहिला होता. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढच्या गॅदरिंगची तारीख विचारली.