रिद्धपूरची गीतकर्त्री महदाइसा



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाची हकीकत व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचें स्मरण अन्यत्र आलेंच आहे. आम्हीं मात्र या पानावर एका अशा स्त्रीचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे कीं, जी आपल्या धर्माची नव्हती, परंतु आपल्या मातीची होती. आपल्याच अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत, रिद्धपूर नांवाचें गांव आहे. तेथें तेराव्या शतकांत महदाइसा राहत असे. तिलाच महदंबा असेंही म्हणतात. मराठी भाषेची आद्य कवयित्री म्हणून तिचें नांव शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. परंतु तिनें जें रचिलें तें वाचण्यासाठीं नव्हे, तर गाण्यासाठीं रचिलें होतें, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों.

महदाइसा ब्राह्मण कुळांत जन्मली. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेव हे तिचे चुलत बंधु होत. तिला लहान वयांतच वैधव्य आलें. त्या काळीं विधवेचें जिणें कसें असे, हें वाचकांस सांगावयास नको. कारण ती रूढि आपल्या आजीपणजीच्या काळापर्यंत चालत आली. लग्नाचा मांडव पडला कीं विधवेनें आंतल्या खोलींत बसावें, हळदीच्या ताटास हात लावूं नये, मंगलगीतांत सूर मिळवूं नये. ज्या घरासाठीं ती राबे, त्याच घराच्या आनंदांत तिला जागा नसे.

अशा स्त्रीच्या आयुष्यांत श्रीचक्रधर आले. गुजरातेंतून येऊन त्यांनीं महाराष्ट्रांत पायीं हिंडत उपदेश केला. तो संस्कृतांत नव्हे, तर बायकामुलांना कळेल अशा मराठींत केला, आणि संन्यासाचा मार्ग स्त्रियांनाही मोकळा ठेविला. महदाइसा त्यांची शिष्या झाली. ती नुसती ऐकून मान डोलविणारी नव्हती. जें समजलें नाहीं तें ती पुनः पुनः विचारी, शंका काढी, उत्तरानें समाधान न झाल्यास तसें सांगे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत तिचे हे प्रश्न जागोजागीं आढळतात. एका शिष्येच्या चौकसपणामुळें गुरूच्या मुखांतून किती तरी गोष्टी बाहेर आल्या, आणि पुढील पिढ्यांस त्या लाभल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गांत प्रश्न विचारणार्‍या मुलीस आपण उद्धट म्हणून गप्प बसवितों, तेव्हां ही गोष्ट आठवावी.

इ.स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर महाराष्ट्र सोडून गेले. मागें राहिलेला शिष्यवर्ग रिद्धपूर येथें श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस लागला. श्रीगोविंदप्रभु हे श्रीचक्रधरांचे गुरु. त्यांचें वागणें लहान बालकासारखें असे. मनांत येईल तें मागावें, वाटेल तेथें जावें, रस्त्यांत खेळत बसावें. कोणी त्यांस वेडे समजत. परंतु रिद्धपूरच्या गोरगरिबांना ते आईबापांच्या ठायीं होते. त्यांची सेवा करणें सोपें नव्हतें. महदाइसेनें ती आईच्या मायेनें केली.

एकदां श्रीगोविंदप्रभूंनीं आपलें लग्न करण्याचा छंद घेतला. शिष्यांनींही त्यांचें मन राखण्यासाठीं लग्नसोहळ्याचा थाट मांडिला. लग्न म्हटलें कीं गाणीं हवींत; आणि तीं म्हणण्याची आज्ञा झाली महदाइसेला! जिला मांडवाच्या दाराशींही उभें राहण्याची मुभा नव्हती, तीच आतां मांडवाच्या मध्यभागीं उभी राहिली. तिनें श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहाचा प्रसंग घेतला व तेथल्या तेथें गीतें रचून म्हटलीं. ही कथाही आपल्याच मुलुखांतली. रुक्मिणीचें माहेर जें कुंडिनपूर, तें म्हणजे वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर, असें आपल्या भागांत परंपरेनें मानितात. पुढें तिनें या गीतांचा उत्तरार्धही रचिला. दोन्ही मिळून सुमारें दीडशें होणारी हीं गीतें महदाइसेचे धवळे म्हणून प्रसिद्ध आहेत. याशिवाय वर्णमालेच्या अक्षरांचा अनुक्रम धरून तिनें मातृकी रुक्मिणीस्वयंवर रचिलें.

धवळा म्हणजे विवाहप्रसंगीं गावयाचें मंगलगीत. हें केवळ बायकांचें घरगुती गाणें, असें कोणी समजूं नये. त्याच शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. त्याचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ भारतीय शास्त्रीय संगीताचा आधारस्तंभ होय. त्या ग्रंथांत प्रबंधांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत धवल आहे व ओवीही आहे. म्हणजे मांडवांत व जात्यावर बायका जें गात, त्यालाच शास्त्रानें आपल्या पंक्तीस बसविलें. पंडितानें शास्त्र लिहिलें. त्याच यादवांच्या काळांत, वर्‍हाडांतल्या एका खेड्यांत, एका विधवेनें तो गीतप्रकार आपल्या भाषेंत अमर केला.

येथें आपल्या ख्रिस्तसभेंतील एका भगिनीची आठवण होते. महदाइसेच्या शंभर वर्षें आधीं जर्मनींत र्‍हाईन नदीच्या कांठीं बिंगेन गांवाजवळच्या मठांत हिल्डेगार्ड नांवाची मठमाता होऊन गेली. तिचा जन्म इ.स. १०९८ चा. तिनें उपासनेसाठीं सत्तरांहून अधिक गीतें व सद्गुणांचें एक संगीत नाट्य रचिलें, शब्द तिचे व चालीही तिच्याच. तिच्या वार्धक्यांत, इ.स. ११७८ मध्यें, तिच्या मठावर मोठें संकट आलें. पूर्वीं बहिष्कृत झालेल्या एका मनुष्यास मठाच्या स्मशानभूमींत मूठमाती दिली म्हणून माइन्सच्या धर्माधिकार्‍यांनीं मठांतलें गायन बंद केलें. तो मनुष्य मरणापूर्वीं ख्रिस्तसभेशीं समेट करून गेला, असें तिचें म्हणणें होतें. तिनें प्रेत उकरूं दिलें नाहीं. मौन सोसलें, पण तक्रार नेटानें मांडली. इ.स. ११७९ मध्यें बंदी उठली, मठांत पुनः गाणें सुरू झालें, आणि त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं ती देवाघरीं गेली. इ.स. २०१२ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला.

दोघींच्या भाग्यांत मात्र एक फरक पडला. हिल्डेगार्डच्या गीतांचे शब्द व स्वर दोन्ही मठांतल्या हस्तलिखितांत उतरले, म्हणून तीं आजही गातां येतात. महदाइसेचे शब्द तिच्या पंथीयांनीं जिवापाड जपले. परचक्राच्या दिवसांत त्यांनीं आपले ग्रंथ सकळा नांवाच्या सांकेतिक लिपींत लिहून ठेविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं संशोधकांस त्या लिपीचा उलगडा झाल्यावर हें धन सर्व मराठी जनांस मिळालें. परंतु ज्या सुरांत तिनें त्या दिवशीं धवळे म्हटले, तो सूर कागदावर उतरला नाहीं. तो तिच्या कंठाबरोबरच गेला.

धर्मग्रामस्थहो, हें चरित्र ज्युबिलीच्या पुस्तकांत घालण्याचें कारण हेंच. रिद्धपुरास इ.स. २०२४ पासून मराठी भाषेचें विद्यापीठ आहे. तेथें शब्दांची काळजी घेणारे पुष्कळ विद्वान मिळतील. पण आपल्या घरांतल्या वृद्ध स्त्रियांच्या कंठांत ज्या हळदीच्या व जात्यावरच्या चाली आहेत, मरियेचीं व नाताळचीं जीं गीतें आहेत, त्यांची काळजी कोण घेणार? त्या माउल्या आपण दरवर्षीं एकेक करून स्मशानभूमींत पोंचवीत आहों. तेव्हां आमची इतकीच विनंती आहे कीं, या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरांतील मुलांनीं आजीजवळ बसावें, तिचें गाणें शब्दांसह व चालीसह शिकून घ्यावें, आणि लिहून ठेवावें. आणि घरांत कोणी विधवा असेल, तर पुढच्या लग्नांत तिला आंतल्या खोलींत बसवूं नये. मांडवांत पुढें बसवावें आणि पहिलें गाणें तिलाच म्हणूं द्यावें.