नाशिकचा राजबंदी, देशाचा गृहमंत्री

सरदार वल्लभभाई पटेल १९३३-३४ मध्ये नाशिकच्या तुरुंगात राजबंदी होते. याच काळात ज्येष्ठ बंधू विठ्ठलभाईंचे निधन झाले. परंतु सशर्त सुटका सरदारांनी नाकारली आणि ते अंत्यविधीला मुकले. पुढे देशाचे गृहमंत्री या नात्याने त्यांनी साडेपाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण घडविले. तोवर छोट्या संस्थानातील पोलिसांचा अधिकार हद्दीपाशी संपत असे. गुन्हेगाराला मात्र हद्द नसे. नाशिकलगतचे सुरगाणा संस्थान विलीन झाले आणि तेथील आदिवासी मुलखाच्या बंदोबस्ताची जबाबदारी जिल्हा पोलिसांवर आली. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेस अधिवेशनासाठी सरदार पुन्हा नाशिकला आले, ते उपपंतप्रधान म्हणून. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ डिसेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.