बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाने ग्रंथपालही घडवले

14 एप्रिलच्या भाषणांत महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव येतेच. दरमहा 25 रुपये, मग कोलंबिया, एवढ्यावर विषय आटोपतो. पण याच राजाने भारतात ग्रंथपाल घडवणारे पहिले वर्ग सुरू केले, हे यवतमाळ जिल्ह्यातून ग्रंथालयशास्त्र शिकायला अमरावती विद्यापीठात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही सहसा माहीत नसते.

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. घर शेतकऱ्याचे, नाव गोपाळ. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. बाराव्या वर्षी अक्षरांपासून सुरुवात करणाऱ्या या मुलाने 1881 मध्ये कारभार हाती घेतला. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तर सवर्ण शिक्षक शिकवायला तयार होईनात. मग मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. शाळा उघडली तरी आत उभा कोण आहे, यावर सगळे अवलंबून असते. ग्रंथालयालाही हेच लागू आहे, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले, राजवाड्यातली आपली हजारो पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली आणि 1911 पासून ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले. गावाने एक तृतीयांश पैसा उभा करायचा, उरलेला स्थानिक मंडळ आणि सरकारने द्यायचा, अशी योजना होती. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात.

त्याच काळात बाबासाहेब एल्फिन्स्टनमध्ये बडोद्याच्या पैशावर शिकत होते. केळुस्कर गुरुजींनी शब्द टाकला होता. 1913 मध्ये करार झाला: तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड, परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. न्यूयॉर्कमध्ये त्या पैशातून पोट मारून बाबासाहेबांनी पुस्तके घेतली.

पण 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांचे ऋण मानायचेच, पण हेही विसरायचे नाही. शिष्यवृत्तीने पदवी मिळाली, शेजार मिळाला नाही.

सयाजीराव 6 फेब्रुवारी 1939 रोजी गेले. पुढे 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आज दिग्रस, आर्णी, पुसदकडची मुले एम.लिब.ला प्रवेश घेतात ती याच आधारावर.

आमच्या ओळखीतल्या काही मुलांना अभ्यासक्रम संपत आला तरी पहिला हप्ता मिळाला नव्हता. बडोद्याची रक्कम महिन्याच्या हिशेबाने ठरलेली होती, ती बोटीने समुद्रापलीकडे पोचत होती. इथे बँकेचे खाते तालुक्याला आहे. ज्यांचे पैसे अडले त्यातली बरीच मुले कापसाच्या हंगामात घरच्या मजुरीवर जातात आणि परीक्षा हुकते.

दुसरीकडे कितीतरी विहारांत पुस्तकांची कपाटे कुलूपबंद आहेत. नोंदवही नाही, वर्गीकरण नाही, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. बी.लिब. झालेल्या तरुणांनी येत्या वर्षावासात आपल्या वस्तीतले एकेक कपाट उघडून यादी करावी, आणि हप्ते थकलेल्यांनी अर्जाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. समाजकल्याण कार्यालयात एकत्र जाताना त्या लागतील.